विश्लेषण : भंडाऱ्याचे कारखाने खरेच ‘हरित’ आहेत का? पोलाद, साखर, धान गिरणी… प्रत्येकाची कसोटी वेगळी का?

भंडारा म्हटले की धान, तलाव आणि पितळेची भांडी आठवतात. पण याच जिल्ह्यात पोलाद वितळते, ट्रकचे भाग तयार होतात, दारूगोळा बनतो, मँगनीज निघते आणि साखरही तयार होते. ‘आम्ही पर्यावरणपूरक आहोत’ असे आज जवळपास प्रत्येक उद्योग सांगतो. परंतु पोलाद कारखान्याला जी कसोटी लावायची, ती धान गिरणीला लावून चालत नाही. मग कोणत्या कारखान्याला कोणता प्रश्न विचारायचा? आणि वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ काय?

हा विषय आताच महत्त्वाचा का?

गेल्या दीड-दोन वर्षांत तीन गोष्टी घडल्या. पहिली, केंद्रीय पोलाद मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी ‘हरित पोलाद’ कशाला म्हणायचे याची व्याख्या जाहीर केली. दुसरी, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवे, पांढरे हे वर्गीकरण नव्या निकषांवर बेतले आणि त्यात ‘निळा’ हा नवा गट आणला. तिसरी, युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. ऑक्टोबर २०२३ पासून तेथील आयातदारांना फक्त माहिती द्यावी लागत होती, आता पैसे मोजावे लागणार आहेत. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या उत्पादनात किती कार्बन हवेत गेला, यावर ही रक्कम ठरते. त्यामुळे पर्यावरण हा विषय वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपुरता राहिलेला नाही. तो मालाच्या किमतीत, म्हणजेच कारखान्याच्या आणि तेथील रोजगाराच्या भवितव्यात शिरला आहे.

भंडाऱ्यात नेमके कोणते कारखाने आहेत?

मोहाडी तालुक्यात वरठी येथे, भंडारा रोड रेल्वे स्थानकाला लागून, सनफ्लॅग आयर्न अँड स्टील कंपनीचा एकात्मिक पोलाद प्रकल्प आहे. वाहन उद्योगाला लागणारे विशेष दर्जाचे पोलाद ही त्याची ओळख. लाखनी तालुक्यात गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. जवाहरनगर येथील आयुध निर्माणी १९६० च्या दशकातली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यावर ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. देव्हाडा येथे साखर कारखाना आहे. या मोठ्या नावांखेरीज जिल्हाभर विखुरलेल्या धान गिरण्या, पितळेचे कारखाने, कोसा विणणारे हातमाग, विटाभट्ट्या आहेत.

या यादीत काही न झालेले आणि काही बंद पडलेले प्रकल्पही धरावे लागतात. साकोलीजवळ मुंडीपार येथे ‘भेल’च्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०१३ मध्ये झाले. तेथे सौर ऊर्जेचे साहित्य तयार होणार होते. इतकी वर्षे उलटूनही तो उभा राहिला नाही. तुमसर परिसरातील माणेकनगरचा युनिव्हर्सल फेरो कारखाना बंद पडला. त्यामुळे या जिल्ह्यात ‘कारखाना हवा की पर्यावरण’ हा प्रश्न पुस्तकी नाही. कारखाना गेल्यावर काय होते, हे लोकांनी पाहिले आहे. म्हणूनच चालू असलेला कारखाना नीट कसा चालेल, हा प्रश्न अधिक कामाचा.

लाल, नारिंगी, हिरवा हे रंग काय सांगतात?

प्रत्येक प्रकारच्या उद्योगाला हवा, पाणी आणि घातक कचरा यांवरून प्रदूषण निर्देशांक दिला जातो. २०१६ च्या पद्धतीत ६० आणि त्यावरील गुण असलेला उद्योग लाल गटात जात होता. नव्या पद्धतीत ८० च्या वर लाल, ५५ ते ८० नारिंगी, २५ ते ५५ हिरवा आणि २५ पेक्षा कमी पांढरा अशी विभागणी आहे. सांडपाणी प्रक्रिया, कचरा प्रक्रिया यांसारख्या आवश्यक पर्यावरण सेवांसाठी निळा गट आहे.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. हा रंग उद्योगाच्या प्रकाराचा असतो, विशिष्ट कारखान्याच्या कामगिरीचा नव्हे. लाल गटातला कारखाना उत्तम यंत्रणा चालवून नियमांच्या आत राहू शकतो. हिरव्या गटातला कारखाना निष्काळजी असेल तर शेजारच्या विहिरी खराब करू शकतो. रंग फक्त धोक्याची शक्यता सांगतो आणि त्यानुसार तपासणीची वारंवारिता ठरते. कारखाना प्रत्यक्षात कसा चालतो, हे वेगळे तपासावे लागते.

पोलाद कारखान्याची खरी कसोटी कोणती?

धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून तक्रार आधी धुराची होते. ती रास्तही असते. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्न भट्टीतून बारीक धूळ निघते. ती अडवण्यासाठी धुराड्याआधी ‘ईएसपी’ म्हणजे विजेच्या भाराने धूळ खेचणारे यंत्र किंवा पिशव्यांची गाळणी बसवतात. ही यंत्रे वीज खातात, देखभाल मागतात. म्हणून यंत्र बसवले आहे का, एवढे विचारून भागत नाही. ते चोवीस तास चालते का, हे विचारावे लागते.

दुसरी कसोटी उष्णतेची. फिरत्या भट्टीतून बाहेर पडणारे वायू सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. ते तसेच सोडले तर उष्णता वाया जाते. त्यावर बॉयलर चालवून वाफ आणि वाफेवर वीज तयार करता येते. भट्टीतून निघणारा अर्धवट जळालेला कोळसा, ज्याला या धंद्यात ‘चार’ म्हणतात, तोही बॉयलरमध्ये जाळता येतो. एकात्मिक पोलाद प्रकल्पांना ही सोय करणे परवडते, कारण त्यांना स्वतःलाच विजेची मोठी गरज असते.

तिसरी कसोटी कार्बनची, आणि ती सर्वांत अवघड. केंद्राच्या व्याख्येनुसार एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघाला तरच ते पोलाद ‘हरित’. २ ते २.२ टन असेल तर तीन तारे, १.६ ते २ टन असेल तर चार तारे, १.६ टनांपेक्षा कमी असेल तर पाच तारे. भारतातील पोलाद उद्योगाची सरासरी सुमारे अडीच टन आहे, तर जगाची दोन टनांच्या आत.

‘आम्ही सौर ऊर्जा घेतली, म्हणून आमचे पोलाद हरित’ असा दावा पुष्कळदा ऐकू येतो. त्याचे गणित करून पाहू. विद्युत भट्टीत एक टन पोलादासाठी ५०० युनिट वीज लागली असे धरू. देशाच्या ग्रीडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ही सगळी वीज सौर केली तरी वाचतो सुमारे ३५० किलो, म्हणजे टनाचा जेमतेम तिसरा हिस्सा. अडीच टनांवरून सव्वादोन टनांच्या खाली यायला याची मदत नक्की होते. पण त्यापुढचे तारे मिळवायचे तर खनिजातून लोखंड काढण्यासाठी जो कोळसा वापरला जातो, त्यालाच हात घालावा लागतो. भंगाराचा वापर वाढवणे, कोळशाऐवजी वायू वापरणे, उद्या हायड्रोजन वापरणे असे मार्ग आहेत. पण विदर्भात कोळसा हाताशी आहे, नैसर्गिक वायू मुबलक नाही, आणि दर्जेदार भंगार स्वस्त नाही. म्हणून पोलादाच्या बाबतीत कारखान्याने छतावर पॅनेल किती लावले यापेक्षा टनामागे कोळसा किती कमी झाला, हा आकडा मागायला हवा.

साखर कारखान्यात पाण्याचा हिशोब का महत्त्वाचा?

उसाच्या वजनात साधारण ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना ते वाफ होऊन निघते आणि थंड करून पुन्हा वापरता येते. म्हणजे नीट चालवलेल्या साखर कारखान्याला हंगामात नदीचे किंवा विहिरीचे फारसे पाणी लागू नये. रोज २५०० टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर उसासोबत रोज सुमारे साडेसतरा लाख लिटर पाणी कारखान्यात येते. त्यातले काही बगॅसमध्ये राहते, उरलेले हाती लागू शकते.

सांडपाण्याचा नियमही याच विचारावर उभा आहे. २०१६ मध्ये केंद्राने मर्यादा कडक केली. पूर्वी टनामागे ४०० लिटर सांडपाणी चालत होते, ते २०० लिटरवर आणले. आपल्या उदाहरणातल्या कारखान्याला रोज जास्तीत जास्त पाच लाख लिटर सांडपाण्याची मुभा मिळते, तेही प्रक्रिया करूनच. हे पाणी उग्र विषारी नसते, पण त्यात साखर असते. साखर नाल्यात गेली की जिवाणू वाढतात, ते पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. म्हणजे आपण चहात घालतो तीच वस्तू ओढ्यात गेली की प्रदूषक ठरते.

साखर उद्योगाची जमेची बाजूही मोठी आहे. ऊस गाळल्यावर वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस उरतो. तो जाळून कारखाना आपली वाफ आणि वीज भागवतो, शिल्लक वीज विकतोही. प्रेसमडपासून खत होते, मोलॅसिसपासून इथेनॉल होते. पण इथेनॉलसोबत ‘स्पेंटवॉश’ हे गडद तपकिरी, अत्यंत प्रदूषक पाणी तयार होते. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर. म्हणून ज्या साखर कारखान्याला आसवनी जोडलेली असते, तेथे ‘थेंबही बाहेर जाणार नाही’ ही अट पाळली जाते का, हा मुख्य प्रश्न ठरतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, गाळप हंगाम काही महिन्यांचा. हंगाम सुरू होताना सांडपाणी प्रक्रियेतले जिवाणू तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतली तपासणी सर्वांत महत्त्वाची असते.

धान गिरण्यांकडे दुर्लक्ष होते का?

भंडाऱ्यात हाच प्रश्न सर्वांत जवळचा आहे, कारण गिरण्या गावोगावी आहेत. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे साध्या तांदळासाठी ६७ किलो आणि उसन्या तांदळासाठी ६८ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. उरलेल्यात सुमारे २० ते २२ किलो तूस असते, बाकी कोंडा आणि वाया जाणारा भाग. तूस फुकटचे इंधन. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या ते बॉयलरमध्ये जाळतात. कोळसा वाचतो, म्हणून हवामानाच्या दृष्टीने हे चांगलेच.

अडचण राखेची. तुसाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते. म्हणजे एक क्विंटल धानामागे सुमारे चार किलो. दहा हजार क्विंटल धान उसना करणाऱ्या आणि सगळे तूस जाळणाऱ्या गिरणीत ४० टन राख साठते. ही राख अतिशय हलकी, वाऱ्याबरोबर उडणारी आणि ८५ ते ९५ टक्के सिलिका असलेली. उघड्यावर टाकली तर ती शेजारच्या शेतात, घरांच्या छतांवर, डोळ्यांत जाते. रस्त्याकडेच्या ढिगावरून दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडते.

दुसरी अडचण पाण्याची. धान भिजवण्यासाठी साधारण धानाच्या वजनाइतके किंवा त्याहून थोडे अधिक पाणी लागते. भिजवून सोडलेले पाणी पिवळसर, कुजका वास येणारे असते. तेही साखरेच्या सांडपाण्यासारखे प्राणवायू खाणारे. मोठ्या कारखान्याला प्रक्रिया केंद्र परवडते, तीन-चार महिने पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या गिरणीला एकट्याने परवडत नाही. येथे व्यवहार्य मार्ग तीन : राख ओली करून बंद गोदामात ठेवणे, पाणी गाळून पुन्हा भिजवणीसाठी वापरणे, आणि एका औद्योगिक क्षेत्रातल्या गिरण्यांनी मिळून सामायिक प्रक्रिया केंद्र चालवणे. पहिला मार्ग उद्यापासून होण्यासारखा आहे. त्याला मोठे भांडवल लागत नाही.

वाहन, मँगनीज आणि दारूगोळा यांचे प्रश्न वेगळे कसे?

वाहनाच्या कारखान्याला उंच धुराडे नसते. आत गेल्यास फरशी स्वच्छ दिसते. पण धातू कापताना वापरलेले तेल-पाणी, यंत्रातले जुने तेल, रंगकामातला गाळ, तेलाने माखलेल्या चिंध्या हा सगळा ‘घातक कचरा’ ठरतो. २०१६ च्या नियमांनुसार तो नोंद ठेवून, ठरलेल्या मुदतीत अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा लागतो. विदर्भासाठी असे केंद्र बुटीबोरीला आहे. कचरा किलोत असला तरी एक पिंप तेल चुकीच्या नाल्यात गेले तर पुष्कळ पाणी नासते. म्हणून येथे कचऱ्याचे प्रमाण कमी आहे यावर समाधान मानू नये, तो कोठून निघून कोठे पोहोचला याची कागदोपत्री साखळी पूर्ण आहे का, हे पाहावे. विजेच्या बाबतीत या उद्योगाला बदल तुलनेने सोपा, कारण त्याची बहुतेक यंत्रे विजेवरच चालतात. अशोक लेलँडने २०३० पर्यंत सर्व वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे.

मँगनीजचा प्रश्न जमिनीचा. डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण. खनिजापेक्षा कितीतरी अधिक माती आणि दगड बाजूला काढावा लागतो. त्याचे ढीग पावसात वाहून शेतात व नाल्यांत जाऊ नयेत, यासाठी पायऱ्या, बांध, गाळ साचवणारी तळी आणि ढिगांवर झाडे लागतात. जिल्ह्यात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्यामुळे उन्हाळ्यात केलेल्या कामाची परीक्षा जुलैमध्ये होते. डोंगरी बुजुर्गला बॅटरीसाठी लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडचा प्रकल्पही आहे. त्यात आम्ल आणि वीज दोन्ही लागते. मॉइलने मध्य प्रदेशात २० मेगावॉटचे पवनऊर्जा प्रकल्प उभारले आहेत. पण देवासच्या टेकडीवरच्या पवनचक्कीने डोंगरीच्या ढिगाची माती अडत नाही. कंपनीचा कार्बनचा हिशोब आणि गावाचा पाण्याचा हिशोब या दोन स्वतंत्र वह्या आहेत.

आयुध निर्माणीत प्रणोदक, म्हणजे तोफगोळा पुढे ढकलणारी दारू, तयार होते. त्यासाठी तीव्र आम्ले वापरली जातात. आम्लयुक्त सांडपाणी उदासीन करणे, हे तेथील मुख्य पर्यावरणीय काम. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात येथे आठ जणांचा जीव गेला. पर्यावरण आणि सुरक्षा हे दोन विभाग कागदावर वेगळे असले, तरी त्यांचे मूळ एकच : प्रक्रियेवर नियंत्रण. जो कारखाना आपल्या कामगाराला सुरक्षित ठेवू शकत नाही, त्याचा ‘शाश्वत’ हा शब्द पोकळ वाटतो. संरक्षण उत्पादनाची माहिती उघड करण्याला मर्यादा असतात हे खरे. परंतु कुंपणाबाहेर येणाऱ्या पाण्याची गुणवत्ता हा गोपनीय विषय असू शकत नाही.

छोट्या उद्योगांचे काय?

पितळेची भांडी हा जिल्ह्याचा जुना व्यवसाय, आणि तो ‘पुनर्वापर’ हा शब्द रूढ होण्याआधीपासून पुनर्वापर करतो आहे. जुने भांडे मोडीत द्यायचे, वजन वजा करून नवे घ्यायचे, ही पद्धत घराघरांत होती. मोड वितळवून नवे भांडे करायला खाणीतून नवे तांबे काढण्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. पण वितळवताना पितळेतले जस्त वाफ होऊन उडते आणि ते सर्वांत आधी कारागिराच्या छातीत जाते. येथे खर्चिक यंत्रापेक्षा भट्टीवर धूर ओढणारे छत्र आणि बंदिस्त भट्टी यांची गरज आहे. मोहाडी, आंधळगाव, पवनीकडच्या कोसा कापडाचेही तसेच. धागा जंगलातल्या कोशातून येतो, माग हाताने चालतो. फक्त कोश उकळण्याचे सोडायुक्त पाणी आणि रंगाचे पाणी यांची सोय हवी. या व्यावसायिकांना मोठ्या कारखान्यांचेच अर्ज आणि अहवाल भरायला लावले, तर ते नियमात येण्याऐवजी नियमापासून पळतील.

वैनगंगा कारखान्यांमुळेच प्रदूषित होते का?

नाही, आणि हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. ३५१ पैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते, देशात सर्वाधिक. त्यात वैनगंगा आणि कन्हान या दोन्ही नद्यांचे पट्टे होते. भंडाऱ्याकडे येणारा एक मोठा भार नागपूरच्या घरगुती सांडपाण्याचा आहे. नाग नदीतून ते कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. पुढे पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. वाहती नदी जे पोटात घेऊन पुढे नेत होती, ते आता साठलेल्या पाण्यात थांबते. नाग नदीच्या सुमारे १९२५ कोटी रुपयांच्या प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. त्याचा खरा लाभार्थी नागपूरइतकाच भंडाराही आहे.

पण याचा अर्थ स्थानिक कारखान्यांना सूट, असा होत नाही. उलट नदीची सहनशक्ती आधीच संपली असेल, तर प्रत्येक नव्या लिटरचा त्रास अधिक. आणि ‘सगळी घाण नागपूरची’ असे म्हणत राहिल्यास भंडारा, तुमसर, पवनी या आपल्याच शहरांच्या सांडपाण्याचा प्रश्न झाकला जातो. मासेमारीवर जगणारा ढिवर समाज आणि नदीकाठचा धान उत्पादक यांना घाण कोणत्या जिल्ह्यातून आली यापेक्षा ती थांबली का, याच्याशी कर्तव्य आहे.

एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होऊ शकतो का?

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या छोट्या बंदरात १९७० च्या दशकापासून कारखाने एकमेकांची वाफ, पाणी आणि टाकाऊ माल वापरतात. भंडाऱ्यात अशी सांगड घालण्याजोगे उद्योग एकाच जिल्ह्यात आहेत. तुसाची राख उष्णता धरून ठेवते, म्हणून पोलाद उद्योगात वितळलेल्या धातूवर आच्छादन म्हणून ती वापरली जाते. सिमेंट-काँक्रीटमध्येही तिचा उपयोग होतो. पोलादाची स्लॅग रस्त्याच्या भरावात चालते. कोळशाच्या राखेच्या विटा होतात, आणि भट्टीच्या विटांसाठी शेतातली सुपीक माती खणावी लागत नाही. साखर कारखान्याचा प्रेसमड कुजवून धानाच्या बांध्यांत घालता येतो.

मग हे सहज का होत नाही? कारण राख गोळा करणे, तिची प्रत तपासणे आणि ती एकसारखी पुरवणे हे एकट्या गिरणीचे काम नाही. शंभर गिरण्यांची शंभर प्रकारची राख कोणताही पोलाद कारखाना घेणार नाही. मध्ये एखादी सहकारी संस्था किंवा औद्योगिक वसाहतीची यंत्रणा लागेल. जिल्हा उद्योग केंद्र, एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एकत्र बसून करण्याचे हे काम आहे.

नियम आहेत, मग अडते कुठे?

जल कायदा १९७४ चा, वायू कायदा १९८१ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ तर त्याही आधीचे, १९७० चे. २०१४ पासून पोलाद, साखर, आसवनी यांसह १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यावर व सांडपाण्याच्या वाटेवर सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे थेट मंडळाकडे पाठवण्याचे आदेश आहेत. राज्य मंडळाने २०१७ मध्ये धुराड्यातील धुळीवरून उद्योगांना एक ते पाच तारे देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यामागचा विचार साधा होता : लोकांना आकडा कळला की कारखाना सुधारतो.

अडते तीन ठिकाणी. एक, मोठ्या धुराड्यावर यंत्राची नजर असते, पण विखुरलेल्या शेकडो लहान उद्योगांवर ती नसते. दोन, कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल संपूर्ण कंपनीचे असतात. शेअर बाजारातील आघाडीच्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा आहे. पण अनेक राज्यांत कारखाने असलेल्या कंपनीच्या सरासरीतून गडेगावच्या नाल्याची किंवा डोंगरीच्या ढिगाची स्थिती कळत नाही. तीन, शिक्षेचे स्वरूप. जनविश्वास कायद्यातील दुरुस्त्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्या आणि वायू व पर्यावरण कायद्यांतील अनेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. खटले वर्षानुवर्षे रेंगाळण्यापेक्षा दंड लवकर वसूल होईल, हा त्यामागचा युक्तिवाद. पण मोठ्या कारखान्यासाठी १५ लाख रुपये ही यंत्रणा चालवण्याच्या खर्चापेक्षा कमी रक्कम ठरली, तर दंड हा केवळ परवान्याचा दर बनेल. लहान गिरणीला मात्र तोच दंड झेपणार नाही.

नागरिकांनी काय तपासावे?

संमतीपत्र हा पहिला कागद. त्यात किती उत्पादन, किती पाणी, किती सांडपाणी, कोणते इंधन, धुराड्याची उंची किती हे सारे लिहिलेले असते. राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्रे पाहता येतात. दुसरा कागद म्हणजे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे द्यावयाचे पर्यावरण विवरणपत्र. त्यात एकेका कारखान्याचा पाण्याचा व कचऱ्याचा हिशोब असतो, कंपनीची सरासरी नव्हे. तिसरा, ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते त्यांचा सहामाही अनुपालन अहवाल. हे मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. नवा मोठा प्रकल्प किंवा विस्तार असेल तर जनसुनावणी होते आणि तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. त्या दिवशी घोषणा देण्यापेक्षा ‘टनामागे पाणी किती, राख कोठे जाणार, उन्हाळ्यात नदीला पाणी नसेल तेव्हा काय करणार’ हे तीन प्रश्न लेखी नोंदवले, तर त्यांना इतिवृत्तात जागा मिळते आणि पुढे मंजुरीच्या अटींत त्यांचा आधार घेता येतो.

ग्रामपंचायतींनाही वाट पाहण्याची गरज नाही. गावाच्या विहिरीचे आणि नाल्याचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर असे वर्षातून दोनदा तपासून त्याची नोंद ठेवली, तर पाच वर्षांनी वाद झाल्यास गावाच्या हाती पुरावा असेल. आज बहुतेक ठिकाणी अशी नोंद नसते आणि म्हणून कारखाना ‘पाणी आधीपासूनच असे होते’ म्हणतो, गाव ‘कारखान्याने केले’ म्हणते आणि प्रश्न तेथेच राहतो.

पुढे काय?

पोलादाला कोळशाचा, साखरेला पाण्याचा, गिरणीला राखेचा, वाहन उद्योगाला तेलाचा, खाणीला मातीचा हिशोब विचारायचा, असा या साऱ्याचा मथितार्थ. झाडे लावणे, पॅनेल बसवणे हे चांगलेच, पण ते या हिशोबाला पर्याय नाही. मोठ्या कारखान्यांवर आता बाहेरच्या बाजारपेठेचाच दबाव येत आहे. त्यामुळे ते बदलतील, निदान कार्बनच्या बाबतीत. गावातली राख आणि नाल्यातले पाणी मात्र ब्रसेल्समधून कोणी मोजणार नाही. ते मोजण्याचे काम भंडाऱ्यातच, भंडाऱ्याच्या लोकांना आणि यंत्रणांनाच करावे लागेल.